समुद्र नसलेल्या शहरातला जिताडा

वालाच्या शेंगा भरल्या, लोक बांधाबांधाने भांबुर्ड्याचा पाला शोधत फिरायला लागले, की आमच्या रेवदंड्यात पोपटीचे, म्हणजे मडक्यात शेंगा भाजायचे, दिवस आले असं समजायचं. संध्याकाळी कुणाच्या ना कुणाच्या वाडीत मडकं उलटं घातलेलं असतं, भोवती पेंढा पेटलेला असतो, आणि तो धूर खाडीवरच्या गार वाऱ्याबरोबर थेट माझ्या खानावळीच्या ओट्यापर्यंत येतो. मुंबईचं गिऱ्हाईक म्हणतं, काय छान वास सुटलाय. मला त्या धुरात दुसरंच काही दिसतं. रुंद, सरळ, झाडांनी झाकलेले रस्ते. दुपार झाली तरी न उठलेलं धुकं आणि त्यात दिवे लावून हळू चालणाऱ्या गाड्या. गोल चौकाच्या कडेला पडलेली पानं गोळा करून कुणीतरी पेटवलेली शेकोटी. चंदीगडला मी एक अख्खी थंडी काढली आणि ती थंडी मासे शोधण्यात गेली.

समुद्र सोडून हजार कोस लांब जाऊन मासे शोधणारी बाई वेडी म्हणायला हवी. मी वेडी नाही. पडवीत एक स्टोव्ह आणि दोन पाट मांडून मी खानावळ सुरू केली होती, आता लोक गाड्या घेऊन येतात आणि बाहेर बाकावर बसून नंबर लागायची वाट बघतात. हे मला कुणी दिलं नाही. बंदरावर मी दिसले की कोळणी टोपलीवर फडकं टाकतात आणि एकमेकींना खुणावतात, कारण मी आधी कल्ले उघडते, मग बोट दाबते आणि मग बोलते. घासाघीस मला कमीपणाची वाटत नाही. जी वस्तू आपल्याला खरोखर हवी आहे तिच्यासाठीच माणूस भांडतो. माझा आवाज चढतो हेही खरं आहे. आमचे हे म्हणतात, तुझं बोलणं पलीकडे कोर्लईच्या किल्ल्यावर ऐकू जातं. जाऊ दे.

तर माझी मुलगी मेघना तिकडे मोहालीत नॉलेज सिटीतल्या एका संस्थेत कसल्याशा बुरशीवर संशोधन करते. तिचा नवरा गौरव त्याच संस्थेत, वरच्या मजल्यावर. त्या थंडीत मेघनाला दिवस गेले होते आणि डॉक्टरीणबाईंनी प्रवास करू नको म्हणून बजावलं होतं. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमची रीत. पण मुलगी येऊ शकत नसेल तर माहेराने उठून तिच्याकडे जावं लागतं. मी खानावळ ह्यांच्यावर सोपवली, आमसुलं, घरचा मसाला, भाकरीचं तांदळाचं पीठ असं सगळं बांधून घेतलं आणि निघाले.

गेल्या गेल्या कळलं की पोरीला डोहाळे लागलेत ते जिताड्याचे. चिंचा नाहीत, कैरी नाही, जिताडा. जिताडा म्हणजे आमच्याकडचा मानाचा मासा. खाडीच्या तोंडाशी, खाजणातल्या तळ्यांत वाढतो. जावयाला करतात, नवस फेडला की करतात, साहेबाकडे काम असलं तरी हाच पाठवतात. आता गंमत अशी, की मेघनाला जिताडा हवा, पण कच्च्या माशाचा वास तिला सहन होईना. मी आणलेले सुके सोडे नुसते डब्यातून काढले तर ती न्हाणीघराकडे धावली. म्हणजे घरात शिजवायची सोय नाही. शिजवलेला, वाढलेला, वाफाळणारा मासा तिच्यापुढे कुठूनतरी यायला हवा.

मी म्हटलं, आपण डोहाळेजेवण बाहेर करू, चांगल्या ठिकाणी. ती गाउनच्या खिशात हात घालून खिडकीशी उभी होती. तशीच उभी राहून म्हणाली, "आई, मम्मीजींना बोलावशील तरच करायचं. तू एका टेबलाशी, त्या दुसऱ्या टेबलाशी, असलं जेवण माझ्या घशाखाली उतरणार नाही."

मम्मीजी म्हणजे माझी विहीण. सुदेश. आमच्याकडे हे पुरुषाचं नाव वाटेल, तिकडे बायकांचं असतं. पिंजौरला राहते, शाळेत गणित शिकवायची, आता निवृत्त आहे. नवरा लवकर गेला, मुलाला एकटीने वाढवलं. हे सगळं कौतुक मला मान्य होतं. पण तिच्या घरचं पाणी मी पीत नव्हते, आणि त्याला कारण होतं.

लग्न ठरलं तेव्हा त्यांच्याकडचा रोका, म्हणजे आपल्याकडचा साखरपुडा, पिंजौरला होता. मी आदल्या दिवशी विमानाने गेले ती रिकाम्या हाताने नाही. खाजणातला जिवंत धरलेला जिताडा बर्फात घालून, थर्माकोलच्या खोक्यात बंद करून नेला होता. माझ्या मुलीच्या सासरी जाणारी माझी पहिली वस्तू. घर पाहुण्यांनी भरलेलं. मी खोक्याचं झाकण काढलं. विहीणबाई दोन पावलं मागे सरल्या, ओढणीचा पदर नाकाला लावला, कुणाला तरी पंजाबीत काहीतरी म्हणाल्या आणि खोकं माझ्या डोळ्यांदेखत बाहेर गेलं. मला वाटलं, बाहेर थंडी आहे, तिथे ठेवलं असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी काल्का रोडवरच्या टॅक्सी स्टॅंडाच्या नळाशी ते खोकं मला दिसलं. धुऊन पालथं घातलेलं. माझा जिताडा टॅक्सीवाल्यांनी खाल्ला होता.

मी कुणाला काही बोलले नाही. माझ्यासारखी बाई बोलली नाही यावरून काय ते समजा. मुलीला सांगितलं असतं तर तिला सासरी त्याचा डंख राहिला असता. फक्त ह्यांना सांगितलं, आणि त्या दिवसापासून त्या घरात पाण्याचा थेंब घेतला नाही. रोक्याच्या दिवशी उपास आहे म्हटलं. पुढे दोनदा जाणं झालं तेव्हा नुसती खुर्चीवर बसून आले. लग्न आमच्याकडे झालं तेव्हा विहीणबाईंना पाटावर बसवून, रांगोळी काढून जेवायला घातलं. माझ्याकडून काही राहिलं असं कुणी म्हणायला नको.

म्हणून मेघनाने अट घातली तेव्हा मी मनाशी एक हिशेब केला. बोलवू ना. असं ठिकाण शोधू, असा मासा मांडू, की तिने काय नाकारलं होतं ते तिला एका घासात कळेल.

त्या विचारानेच मी शहर बघायला लागले. गौरव मला कौतुकाने एक-एक जागा दाखवायचा. चंदीगड ऐतिहासिक, वारशाचं शहर आहे म्हणे. आमच्या गावात पोर्तुगीजांचा कोट आहे, त्याच्या भिंतींवर वडाची मुळं उतरलीत आणि आत नारळी-पोफळी. त्याला कुणी विचारत नाही. इथे माझ्या थोरल्या भावाच्या वयाच्या इमारतींना पहारा, ओळखपत्र दाखवून आत जायचं. कॅपिटॉल कॉम्प्लेक्सच्या, म्हणजे विधानसभा-हायकोर्टाच्या आवारातल्या, त्या मोकळ्या, कडक फरसबंदीवर आम्ही उभे होतो. आजूबाजूला काळे कोट घातलेले वकील लगबगीने चाललेले, आणि वर आभाळात उघड्या हाताचं शिल्प, एक भला मोठा लोखंडी पंजा, वाऱ्याबरोबर हळूच वळणारा. गौरव म्हणाला, "आई, ये हाथ देने के लिए भी खुला है, लेने के लिए भी." जावई चांगला आहे. मला पहिल्या दिवसापासून आई म्हणतो. मी म्हटलं, आमच्या बंदरावर असा उघडा हात घेऊन कोण उभं राहिलं तर संध्याकाळपर्यंत त्याची बोटंसुद्धा शिल्लक राहणार नाहीत. तो हसला. पण त्या उन्हात, त्या करड्या भिंतींसमोर तो पंजा बघायला बरं वाटत होतं हे मी नाकारत नाही. धुकं विरलं की तिथे डोंगर दिसतात, कसौलीचे. सकाळी नसतात, दुपारी असतात. जसा काही कुणीतरी पडदा ओढलाय.

मेघनाचे मित्रमैत्रिणी नावं सुचवायचे, गौरव गाडी काढायचा. त्या शहरात हॉटेलं बाजाराच्या एकसारख्या विटांच्या रांगांत असतात, खाली चपलांचं दुकान, वर बिस्ट्रो. बिस्ट्रो म्हणजे काय ते मला पहिल्याच दिवशी कळलं. दिवे कमी, खुर्च्या उंच, भिंतीला मुद्दाम गिलावा केलेला नाही, आणि फळ्यावर खडूने लिहिलेलं की आज धरलेला ताजा मासा. मी वाढप्याला विचारलं, आज कुठे धरला? इथे तर एक तलाव आहे आणि त्यात बदकं आहेत. तो बिचारा नम्रपणे आत जाऊन आला आणि म्हणाला, बासा आहे, मॅम. बासा मी ओळखते. पांढराशुभ्र, बिनकाट्याचा, बिनचवीचा, कुठल्या परदेशी नदीतून गोठून आलेला. त्यावर लोणी आणि लिंबू घातलं की कापूससुद्धा तसाच लागेल. मी म्हटलं मला कच्चा दाखव. मेघनाने टेबलाखालून माझा पाय दाबला. त्याने खरंच प्लास्टिकमधली लादी आणून दाखवली. मी बोटाने ठोकली, टक् असा आवाज आला. शेजारच्या टेबलावरची दोघं आपल्या ताटाकडे बघायला लागली.

दुसऱ्या ठिकाणी कोळंबी रबरासारखी. तिथल्या मॅनेजरला मी सांगितलं, माझा मसाला देते, आमसुलं देते, तुमच्या आचाऱ्याला मी दाखवते, फक्त गॅस तुमचा. तो म्हणाला पॉलिसी नाही. मी म्हटलं पॉलिसी खायला वाढता का? आवाज थोडा वर गेला असावा, कारण गौरवने गडबडीने जॅकेट चढवलं. आणखी एका ठिकाणी सुरमई बरी होती. मुंबईहून विमानाने येते म्हणाले. पण तिच्या पाठीवर बर्फाने जाळल्याचा डाग होता. वस्तू खोटी नव्हती, पण थकलेली होती. जिताडा कुणालाच माहीत नव्हता. मी हाताने लांबी दाखवायची, पाठीचा बाक दाखवायची. ते माना डोलवायचे आणि परत बासा आणायचे.

आता आठवतं तेव्हा वाटतं, चांगले दिवस होते ते. मेघना पोटावर हात ठेवून गाडीत मागे झोपायची. गौरव रेवडी-गजक घेऊन यायचा. रस्त्याच्या कडेला शेंगदाणे भाजणाऱ्याच्या गाडीवर विस्तवाचं छोटं मडकं असायचं, त्यातून धुराची एक सरळ रेघ वर जायची. सेक्टरांना नावं नाहीत, नुसते आकडे. मला रस्ते एकसारखे वाटायचे, पण मी माशाच्या खुणेने ते लक्षात ठेवले. कापसाचा सेक्टर, रबराचा सेक्टर, जळक्या सुरमईचा सेक्टर. माझ्या आत मात्र ते खोकं तसंच पालथं पडलेलं होतं. प्रत्येक वाईट मासा खाताना मी मनात विहीणबाईंना म्हणायची, बघा, याच्या बदल्यात काय सोडलंत.

एका संध्याकाळी गौरव मला एकटीलाच बाजारात घेऊन गेला. तिथे एका कोपऱ्यावर मोठी कढई घेऊन एकजण मासे तळत होता. सिंघाडा म्हणाला. नदीचा, गोड्या पाण्याचा. माझं तोंड आपोआप वाकडं झालं. आमच्याकडे गोड्या पाण्याच्या माशाला चिखल लागतो म्हणतात. बेसन, ओवा, लाल मिरची, बाजूला मुळ्याचा कीस आणि हिरवी चटणी, सगळं वर्तमानपत्रावर. मी एक तुकडा तोंडात टाकला. मग दुसरा टाकला. त्या थंडीत, तोंडातून वाफ निघत असताना, तो ओव्याचा तिखट वास नाकात चढला आणि मला मान्य करावं लागलं की हा माणूस आपलं काम जाणतो. तो म्हणाला हे फक्त थंडीचं, उन्हाळा लागला की कढई बंद. आमचंही तसंच की. पावसाळ्यात होड्या वर ओढून ठेवतात, नारळी पौर्णिमेशिवाय कुणी समुद्रात जात नाही. माशाला ऋतू असतो हे ज्याला कळतं त्याच्याशी माझं पटतं.

म्हणून काही दिवसांनी मी स्वतःच परत गेले. कढई चालू होती, पण तीत पनीरची भजी होती. मासा कुठाय म्हटलं.

"आज मंगल है, माताजी. कल आना."

मी विचारलं, म्हणजे फक्त तुझ्याकडे नाही का? तो झाऱ्याने तेल निथळत म्हणाला, मंगळवारी बजरंगबलीचा वार, इथे बहुतेक जण हात लावत नाहीत. काल उरलेला मासा तो घरीसुद्धा नेत नाही, बायको उंबरठा ओलांडू देत नाही, फ्रिजमध्ये ठेवायचं तर नावच नको. ज्याला चालतो त्याला देऊन टाकतो.

रोका बुधवारी होता. मी आदल्या दिवशी पोचले होते.

मी तिथल्या बाकावर बसले. भजीवाल्याने न मागता चहा दिला. माझ्या खानावळीत सोमवारी मासा शिजत नाही. सोमवारी आणि संकष्टीला काळ्या वाटाण्याचं सांबार आणि भात, ज्याला हवं त्याने जेवावं. एकदा मुंबईच्या एका कुटुंबाने श्रावणी सोमवारी बाहेरून आणलेली तळलेली मांदेली माझ्या टेबलावर उघडली होती, तेव्हा मी ती पुडी स्वतः उचलून रस्त्यावर ठेवली होती, आणि आवाज कोर्लईपर्यंत गेला होता. आणि मी, जी वाराला इतकी जपते, तिला दुसऱ्याच्या घरीही एखादा वार असेल हे सुचलं नव्हतं. देव सगळीकडे सोमवारचाच असतो अशी माझी समजूत.

पण राग असा एका कपभर चहाबरोबर उतरत नाही. मी तिथेच बसून स्वतःशी भांडले. ठीक आहे, मंगळवार होता. मग एक शब्द मला सांगायला काय झालं होतं? हिंदी मला येतं. बाहेर अंगणात खोकं ठेवलं असतं, दुसऱ्या दिवशी शिजवलं असतं. बर्फ भरपूर होता. तरी एक गोष्ट बिघडलीच. इतके दिवस मी विहीणबाईंना नमवायला मासा शोधत होते. आता तो कशासाठी शोधायचा हे मला कळेना.

शेवटी सापडला तो एका सेक्टरच्या मागच्या रांगेत, जिथे पुढे टायरची दुकानं आहेत. छोटीशी जागा, मोजकी टेबलं, भिंतीवर जहाजाचं जुनं सुकाणू. मालक सरदारजी, वय माझ्याएवढं, उमेदीची वर्षं मालवाहू जहाजांच्या स्वयंपाकघरात काढलेला. खाद्ययादीत सी बास लिहिलं होतं. मी सवयीने म्हटलं कच्चा दाखवा. त्याला राग आला नाही. तो मला सरळ आत घेऊन गेला, बर्फाच्या पेटीचं झाकण काढलं, आणि आत जिताडा होता.

तोच. पाठीवरचा तो बाक, पुढे आलेला खालचा जबडा, गोल शेपटी, सोनेरी छटा असलेला डोळा. इतक्या लांब, परक्या नावाने तो तिथे निवांत पडला होता. मी कल्ले उघडून बघितले, लाल होते. बोट दाबलं, मांस लगेच वर आलं. कुठला? म्हणाला, आंध्रातल्या तळ्यांतला, विमानाने येतो.

मग आम्ही भांडलो. म्हणजे मनापासून. तो म्हणाला, डोकं आणि शेपटी काढून टाकीन, इथलं गिऱ्हाईक माशाचा डोळा बघून पळतं. मी म्हटलं, डोकं नसेल तर जेवणच नाही. तो म्हणाला, लोण्यात भाजतो. मी म्हटलं, कालवण होईल, माझ्या मसाल्याचं, आणि तुकड्या तांदळाच्या पिठात घोळवून तळायच्या. तो म्हणाला, माझ्या स्वयंपाकघरात माझ्याशिवाय कोणी झारा धरत नाही. मी पिशवीतून आमसुलं काढून त्याच्यापुढे ठेवली. त्याने एक तोंडात टाकलं, डोळे बारीक केले आणि विचारलं की हे कुठे मिळतं. तिथे मला कळलं की आता पारडं माझ्याकडे झुकलंय. शेवटी ठरलं ते असं: झारा त्याचा, मसाला माझा, मी दारात उभं राहून सांगायचं पण आत पाऊल टाकायचं नाही, आणि उरलेली आमसुलं त्याची. एवढ्या वेळात दोघांचे आवाज असे चढले होते की बाहेर टायरवाले बघायला आले. हात मिळवताना तो म्हणाला, "बहनजी, आपके साथ जहाज़ पे होता तो या आप डूबतीं या मैं."

विहीणबाईंना फोन मीच केला. शनिवार सांगितला. वाराची चौकशी आधी करून घेतली, पण का ते सांगितलं नाही. त्या नुसतं "आऊँगी, बहनजी" म्हणाल्या.

शनिवारी दुपारी धुकं लवकर उठलं होतं. मेघनाला हिरवी साडी नेसवली, केसांत मोहालीच्या बाजारात मिळाली ती शेवंती माळली. विहीणबाई पिंजौरहून बसने आल्या. उंच, ताठ, खांद्यावर मरून शाल, हातात मेघनासाठी स्वतः विणलेलं कसलंतरी लोकरीचं. माझ्याशेजारची खुर्ची रिकामी होती, तिथे बसल्या. मी ओटी भरली, त्यांनी त्यांच्या रीतीने मेघनाच्या पदरात सुका मेवा घातला. सरदारजींनी ताट आणलं. अख्खा जिताडा, डोक्यापासून शेपटीपर्यंत तुकड्या जागच्या जागी मांडून, कालवणाच्या लाल तवंगात. मेघनाने वास घेतला. ती न्हाणीघराकडे गेली नाही. तिने भात ओढला.

तेवढ्यात विहीणबाई मोठ्या समाधानाने गौरवला म्हणाल्या की तुझ्या सासूबाईंसारखी रीत पाळणारी बाई आजकाल दिसत नाही. लेकीच्या सासरचं पाणीही प्यायल्या नाहीत. त्यांच्या गल्लीत सगळे नाव काढतात, म्हणे. जुन्या वळणाच्या आहेत, कन्येच्या सासरचं खात नाहीत. आता नातवंड येतंय, आता रीत सोडली तरी चालेल.

मला काही कळेना. मग कळलं. त्यांच्याकडे मुलीच्या आईने मुलीच्या सासरी जेवायचं नसतं. माझ्या आजीच्या काळी आमच्याकडेही होतं हे. म्हणजे मी जो बहिष्कार टाकला होता, जीभ कोरडी पाडून, खुर्चीच्या काठावर बसून, तो पिंजौरच्या गल्लीत पुण्य म्हणून जमा होत होता. फुकटचा मान समोर आला होता. घ्यायला हरकत नव्हती. मी धंदेवाली बाई आहे. समोरचा आपण होऊन जास्त देत असेल तर आपण तोंड उघडू नये एवढं मला कळतं.

पण मेघना घास हातात धरून माझ्याकडे बघत होती. आमच्या घरात असली रीत आता कुणी पाळत नाही हे तिला माहीत होतं.

मी म्हटलं, "रीत नहीं थी, सुदेशजी. गुस्सा था. मेरी मछली आपने टॅक्सीवालों को दे दी थी."

गौरवचा चमचा ताटात ठेवल्याचा आवाज आला. विहीणबाईंनी शाल सावरली. त्यांचा चेहरा मुळीच बदलला नाही; गणिताच्या बाईंचा चेहरा, उत्तर आधीच माहीत असलेला.

"पता था," त्या म्हणाल्या. "सुबह आप नल पे वो डब्बा देख रही थीं, मैं छत से आपको देख रही थी. मंगलवार था, घर में मेरी सास बैठी थीं, मैं क्या करती? और आपने पानी का गिलास भी लौटा दिया, सारी रिश्तेदारी के सामने. गली को क्या बताती? कि समधन रूठी हुई है? मैंने कह दिया, रस्मवाली हैं."

मी विचारलं, मग मला का नाही सांगितलं? एक फोन करायचा होता.

"डरती थी," त्या साधेपणाने म्हणाल्या. "आपकी आवाज़ बहुत बड़ी है."

मेघनाच्या तोंडातून हसण्याचा असा आवाज निघाला की तिला ठसका लागला. गौरवने पाणी दिलं. तरी ती हसतच होती, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि मध्येच तिने पोटावर हात ठेवला, कारण बाळाने आतून लाथ मारली असावी. मला मात्र हसू येईना. इतकी वर्षं मी बाजारात उभी आहे, पण माझ्याच रागाचं असं सोनं करून माझ्याच नावावर ठेवणारी बाई मला पहिल्यांदा भेटत होती. तिने माझी अब्रू राखली होती, आणि तिची स्वतःचीही, एकाच वाक्यात. याला मी सौदा म्हणते.

मेघनाची पोर आता रांगायची थांबून पळायला लागलीय. फोनवर मला नानी म्हणते. आजी म्हण म्हटलं तर मान हलवते आणि हिंदीत सांगते की आजी नाही, नानी. त्यावर आमची रोज वादावादी चालते आणि तिथे मी अजून हरलेली नाही. इकडे पोपटीचा धूर येतो, तिकडे धुकं उतरलं असेल, आणि सरदारजी नव्या गिऱ्हाइकाला बासा नको, सी बास घ्या म्हणून सांगत असतील. आमसुलं संपली की ते फोन करतात.

त्या शनिवारी मात्र मी फक्त पळी हातात घेतली. आमच्याकडे जिताड्याचं डोकं पंक्तीतल्या सगळ्यांत मोठ्या माणसाच्या ताटात जातं. मागून मिळत नाही आणि वाढलं तर नाही म्हणता येत नाही. मी ते अलगद उचललं, कालवणासकट विहीणबाईंच्या ताटात ठेवलं. हे कशासाठी, ते सांगितलं नाही. त्यांनी त्याच्याकडे बघितलं. मग चमच्याच्या टोकाने ते हळूहळू ताटाच्या कडेपर्यंत ढकललं आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "बहनजी, बुरा मत मानना, ये मुझे देख रहा है."

मी ते परत माझ्या ताटात घेतलं, त्यांना शेपटीकडची मऊ तुकडी वाढली आणि डोकं स्वतः फोडून खाल्लं. चांगलं लागलं.